बारशाच्या दिवशी घेतलेली सुई

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पोलिओ रविवारची ड्युटी मी सलग नऊ-दहा वर्षं केली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याची मुळं त्या ड्युटीत आहेत. ते मी एक वर्षभर दुसऱ्याच कशाच्या तरी माथी मारलं होतं. तेही सांगणार आहे, पण क्रमाने सांगते, नाहीतर माझाच धीर सुटेल.

पोलिओ रविवार ज्यांना आठवतो त्यांना बूथही आठवत असेल. एक टेबल, दोन खुर्च्या, बर्फाची निळी पेटी. पोराचं तोंड उघडायचं, दोन थेंब टाकायचे, करंगळीला शाई लावायची, पुढचा. सोमवारी चंदनसारच्या चाळींतून घरोघर फिरायचं आणि शाई नसलेली करंगळी शोधायची. आमचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असायचं, कुणी राहिलं नाही ना. त्यामुळे माझ्या डोक्यात लस म्हणजे एक रविवार, एक रांग आणि संध्याकाळी पाय दुखत घरी जाणं, एवढंच बसलं होतं.

एप्रिल

तेव्हा जिल्हा अजून फुटला नव्हता, आम्ही ठाणे जिल्ह्यातच होतो आणि चंदनसारला आमच्या बिल्डिंगच्या मागे अजून मोकळी शेतं होती. हे, मी आणि पाच वर्षांची ऋता असे तिघे राहत होतो. मला नववा महिना लागला होता. ऋता दर पावसाळ्यात दोन-तीनदा तरी छातीत कफ घेऊन बसायची, म्हणून तिला मुलांच्या डॉक्टर बाईंकडे दाखवायला नेलं होतं. त्यांनी तिला तपासलं आणि मग माझ्या पोटाकडे बघितलं.

"मॅडम, आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूची साथ येते. ऋताला त्याची लस देऊन टाकू," त्या म्हणाल्या. "ती पहिल्यांदाच घेतेय, म्हणून दोन डोस, मध्ये एक महिना. दुसऱ्यानंतर पंधरा दिवस गेले की तिचं अंग तयार होतं. आज सुरू केलं तर जूनच्या सुरुवातीला आपण मोकळे."

"आणि बाळाला?"

"बाळाला सहा महिन्यांचं होईपर्यंत ही लस देताच येत नाही. म्हणून त्याला जे जे उचलणार आहेत त्यांनी घ्यायची. तुम्ही, साहेब, सासूबाई. मोठ्यांना एकच डोस, पण त्यालाही पंधरा दिवस लागतात. तुम्ही तर आत्ताच घ्या. हवं तर तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना फोन करते मी."

मी म्हटलं, "आज नको बाई. सगळ्यांचं एकदमच करू. बारशाला सगळे वटारला जमणारच आहेत."

"बारसं कधी?"

"सव्वा महिन्यानंतर. जूनच्या शेवटी येईल."

"फार उशीर होतो हो. जे हाताशी आहेत त्यांचं आत्ता करू, बाकीचे येतील तसे."

"तसं केलं की कुणीतरी राहतंच. मला अनुभव आहे."

मला अनुभव आहे, असं मी एका डॉक्टरला सांगितलं! आता आठवलं तरी कान तापतात. त्या एवढंच म्हणाल्या, "विचार करा." मी कसला विचार करतेय. घरी येऊन मी वहीत नावांची यादी केली आणि फार व्यवस्थितपणाचं काम केल्यासारखी झोपले.

बारसं

दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच. वटारला आमची वाडी आहे. केळी, सोनचाफा, मोगरा, मागे विहीर. सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, धाकटे दीर आणि जाऊ मनीषा तिथे असतात. मे महिन्यात मुलगा झाला. ऋता सुट्टीभर माझ्याजवळ होती. जूनमध्ये तिची शाळा सुरू झाली तशी ती ह्यांच्याबरोबर चंदनसारला गेली आणि शनिवारी दोघं वटारला यायला लागली.

बारशाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती आली तेव्हा तिचं नाक गळत होतं. शाळा उघडून दोन आठवडे झालेले, वर्गात निम्मी पोरं शिंकत असणार. मी शिक्षिका, मला काय ते नवीन नव्हतं. फ्रॉकला नाक पुसू नको म्हणून ओरडले आणि विसरले.

रविवारी सकाळी डॉक्टर बाईंच्या दवाखान्यातली सिस्टर रिक्षाने आली. बरोबर थंड पेटी. बाईंनी फोनवर मला परत ऐकवलं होतं की हे एप्रिलमध्ये व्हायला हवं होतं, पण पाठवलं तिला. मी पडवीत खुर्ची मांडली, यादी घेतली आणि नऊ जणांची रांग लावली. आई म्हणाल्या, "मला म्हातारीला कशाला सुई? मी काय शालेत जाते?" पण घेतली. सिस्टरने ऋताच्या कपाळाला हात लावला, "ताप नाही ना?" नव्हता. तिलाही दिली.

मग मला मस्ती सुचली. शाळेचं जांभळं स्केचपेन घेऊन मी एकेकाच्या करंगळीवर खूण करत गेले. दीर सगळ्यांना करंगळी दाखवत फिरले, "मतदान केलं बुवा, आता दारूबंदी नको." सगळे हसले. मीही खूप हसले. घुगऱ्या शिजत होत्या, आत्याबाई कानात नाव सांगायला सजून बसल्या होत्या. सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत कोंडून घेतल्यावर मला तो दिवस फार मोकळा वाटला.

तोवर मी बाळाला कुणाला फार घेऊ देत नव्हते. सुया झाल्यावर मीच म्हटलं, "आता घ्या रे बाळाला, सगळ्यांचं झालंय."

अथर्व हे नाव ठेवलेलं ते एवढंसं पोर दुपारभर या मांडीवरून त्या मांडीवर फिरलं. ऋताने तर गालांचे, हातांचे, पायांचे मुके घेतले. तिला तो आठवड्यातून दोनच दिवस मिळायचा.

सुईचा ताप

सोमवारी सकाळी ऋताला ताप भरला. हे एकटेच कामाला गेले, तिला माझ्याजवळ ठेवलं.

"सुईचाच ताप तो," आई म्हणाल्या. "आमच्या येलेला तर हात सुजून भोपला व्हायचा. पानी पाज, उतरेल."

मला पटलं. पटणारच. बूथवर आयांना मी शेकडो वेळा सांगितलं होतं, ट्रिपलची सुई घेतली की एखाद दिवस ताप येतो, घाबरायचं नाही. मी स्वतःलाही तेच सांगितलं आणि तिला माझ्या एका बाजूला झोपवलं. दुसऱ्या बाजूला बाळ.

मंगळवारी ती खोकायला लागली.

सुईने खोकला येत नाही. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मनात आलं होतं. दवाखान्यात फोन करावा असंही आलं. पण फोन केला की बाई विचारणार, नाक कधीपासून गळतंय, आणि मग पुन्हा एप्रिल निघणार. मला ते ऐकायचं नव्हतं. म्हणून मी फोन केला नाही. कारण एवढंच आहे, कितीही लाज वाटली तरी.

बुधवारी माझंच अंग ठणकायला लागलं, घसा धरला. तेही मी सुईच्या खात्यात टाकलं.

गुरुवार

गुरुवारी सकाळी अथर्वने तोंड लावलं आणि सोडून दिलं. परत लावलं, परत सोडलं. झोप असेल म्हणून मी त्याच्या तळव्यांना गुदगुल्या केल्या. तो रडलाही नाही. आईंनी त्याचं झबलं वर केलं.

"सुरेखा, बघ गं. ह्याचं पोट कसं हलतंय."

बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. कुत्र्याचं पिल्लू धावून आल्यावर धापा टाकतं तसं. मी त्या खड्ड्याकडे बघत बसले. आईंनीच दिरांना हाका मारल्या. फुलांचा टेम्पो घरात होता, त्यातून आम्ही वसईच्या मुलांच्या हॉस्पिटलात गेलो. रस्ताभर मी त्याच्या नाकासमोर बोट धरून होते.

तिथल्या तरुण डॉक्टरने त्याला माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. डोक्यावर प्लॅस्टिकचा घुमट ठेवला, त्यात ऑक्सिजन सोडला, पायाच्या अंगठ्याला लाल दिव्याचा चिमटा लावला. मग लिहिता लिहिता विचारलं, "घरात कुणाला सर्दी-खोकला?"

"मुलीला. पण ते सुईमुळे..."

"कसली सुई?"

"फ्लूची. रविवारी घेतली सगळ्यांनी."

त्याने लिहिणं थांबवलं नाही. "रविवारच्या सुईचा गुरुवारी काहीच उपयोग नसतो बाई. दोन आठवडे तरी लागतात. आणि मुलगी आजारी होतीच, सुई नंतर दिली गेली. तुम्हीही आजारी दिसताय."

मला मास्क दिला. फ्लू असावा, त्यातून न्यूमोनिया झालाय, म्हणाला. इतकं लहान बाळ आहे, दोन दिवस काही सांगता येणार नाही.

दोन दिवस म्हणजे किती तास, ते मी तिथे बसल्या बसल्या मोजले.

काचेपलीकडे

मला ताप होता म्हणून बाळाजवळ जायची परवानगी नव्हती. ज्याने कुणी तान्हं पोर असं काचेतून बघितलंय त्याला सांगायला नको. ज्याने नाही बघितलं त्याला सांगून कळणार नाही, आणि कळूही नये.

दर तीन तासांनी मी पडद्यामागे बसून वाटीत दूध काढायचे. सिस्टर ते नाकातल्या नळीतून त्याला द्यायची. सुरुवातीला तेही बंद, नुसतं सलाईन. तेव्हा काढलेलं दूध बेसिनमध्ये ओतून द्यायचं. पहिल्यांदा ओतलं तेव्हा माझा हात पुढे जाईना. वॉर्डातल्या आयाबाईने, सगळे तिला मावशी म्हणायचे, वाटी माझ्या हातातून घेतली आणि ओतली. "काढत राहा मॅडम," ती म्हणाली. "बंद केलंत तर आटेल. पोरगं उठल्यावर मागेल तेव्हा काय देणार?"

पोरगं उठल्यावर. एवढे दोन शब्द मी दिवसभर धरून बसले.

हीच मावशी सकाळी लंगोट बदलायला आत जायची आणि बाहेर येऊन बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे एक ओला. डॉक्टर मोठमोठी नावं सांगायचे, त्यातलं मला अर्धंच कळायचं. मावशीची बोटं कळायची. पहिल्या दिवशी एक. दुसऱ्या दिवशी एकही नाही, तिने नुसती मान हलवली आणि माझ्यासाठी कपात चहा आणला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. बाळ दमलंय, म्हणाले. श्वास घेता घेता दमलंय. गरज पडली तर मशीनवर ठेवावं लागेल, सही करून ठेवा. ह्यांनी सही केली. ह्यांची सही नेहमी टोकदार, रुबाबदार. त्या कागदावर ती शाळेतल्या पोराने केल्यासारखी आली.

बाहेर बाकावर बसल्यावर ह्यांनी विचारलं, "एप्रिलमध्ये त्या बाई नक्की काय म्हणाल्या होत्या गं?"

मी म्हटलं, "काही नाही. सगळ्यांनी लस घ्या म्हणाल्या."

"मग आपण घेतली ना."

"घेतली."

हे पहिलं खोटं. मला वाटलं, आता या माणसाला आणखी काय सांगायचं. तसं बघितलं तर मी त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठीच बोलले. त्या बाकावर मला त्याच्या शेजारी बसायचं होतं.

मशीन लागलं नाही. दुपारी चारच्या सुमाराला श्वास जरा खाली आला. चौथ्या दिवशी मावशीने तीन बोटं दाखवली आणि मी त्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. सहाव्या दिवशी माझा ताप गेलेला होता, मला आत सोडलं. आधी बोंडल्याने दूध पाजलं, मग छातीशी धरलं. तो इतका अशक्त झाला होता की दोनदा चोखायचा आणि झोपायचा. दोनदा चोखला तरी मला पुरे होतं. अकराव्या दिवशी घरी सोडलं.

सुईची बदनामी

आई रोज दुपारी दिरांबरोबर भाताची पेज पाठवायच्या. त्याच्याबरोबर निरोपही यायचे. "आई म्हणतात, कोनत्या मेल्याने ही सुई काढली. सोन्यासारखं घर, सुई टोचली आनि घर तापलं." घरी गेल्यावर तर आळीतली प्रत्येक बाई विचारायला आली आणि प्रत्येकीला आईंनी हीच कथा सांगितली. पोरीला सुई दिली, सुईचा ताप चढला, तो बाळाला लागला, आमचं पोर देवानेच परत दिलं.

मी तिथेच असायचे. बाळाला मांडीवर घेऊन. मी गप्प राहिले.

का, ते सांगते. सुईचा दोष असला की माझा नव्हता. इतकं सरळ होतं. आणि मी दमले होते हो. अथर्वची छाती त्यानंतर कितीतरी महिने वाजायची. जरा गारवा आला की वाफ देणाऱ्या मशीनचा मास्क त्याच्या तोंडावर धरून बसायचं, तो लाथा मारायचा, मी ओरडायचे, हे घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारायचे, "आज कसा आहे?" तो प्रश्नसुद्धा मला आरोपासारखा वाटायचा. शाळेत रजा संपली होती. अशा दिवसांत उभं राहून आपली चूक सांगायची ताकद माझ्यात नव्हती. खोटं बोलायलाही लागत नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं.

ऋताचा दुसरा डोस एका महिन्याने होता. आई म्हणाल्या, "खबरदार." मी ताणलं नाही.

आणि ऋता अथर्वला हात लावेनाशी झाली. हॉस्पिटलातून आणला त्या दिवसापासून ती दारात उभी राहायची. "ये, बघ बाळ," म्हटलं की "अभ्यास आहे" म्हणून जायची. सिनिअर केजीला कसला आलाय अभ्यास! मी म्हटलं, मत्सर आहे. मोठ्या भावंडांना होतो. पालकसभेत मी आयांना हेच सांगत आले होते. त्यांचं ऐकून घ्यायची सवय कुठे होती मला, सांगायचीच सवय.

मोगऱ्याच्या कळ्या

पुढच्या एप्रिलमध्ये शनिवार-रविवारी आम्ही वटारला होतो. मोगऱ्याचे दिवस. पडवीत ओल्या गोणपाटावर कळ्यांचा ढीग होता आणि आई, मनीषा, मी आणि ऋता कळ्या निवडत बसलो होतो. उमललेल्या एका बाजूला, मिटलेल्या टोपलीत. अथर्व शेजारी सतरंजीवर, रांगता रांगता गोणपाटाकडे झेपावत होता. मनीषाला पाचवा महिना होता.

ती म्हणाली, "ताई, माझी डॉक्टर फ्लूची सुई घे म्हणाली. पावसाआधीच घे म्हणे. मी स्पष्ट नाही म्हणून आले. तुमचं बघितलं ना डोळ्यांनी."

"बरं केलंस," आई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. मग म्हटलं, राहू दे, नंतर एकटीला सांगू. आणि तोंड मिटलं. तेवढ्यात ऋता बोलली. कळ्यांवरची नजर न काढता, पाढा म्हणावा तसं.

"घेऊच नको काकू. मी सुई घेतली ना, मग ती माझ्यातून बाळाला लागली. मी त्याला खूप पाप्या दिल्या होत्या. म्हणून आता मी त्याला हात नाय लावत."

तिने आणखी दोन कळ्या टोपलीत टाकल्या.

मी तिचा हात धरला. दहा महिने हे पोर हे घेऊन फिरत होतं. शाळेत जात होतं, डबा खात होतं, माझ्याच कुशीत झोपत होतं. आणि मी हॉस्पिटलच्या बाकावर कसं सोसलं, ते मैत्रिणींना सांगत बसले होते.

"सुई नाही गं," मी म्हटलं. "सुईने काही केलं नाही. तू पण नाही." मग मला आईंकडे बघून बोलावं लागलं, कारण तिच्याकडे बघून बोलता येईना. "आई, डॉक्टर बाईंनी मला एप्रिलमध्येच सांगितलं होतं. पावसाळ्याआधी घ्या. ऋताला दोनदा, महिन्याच्या अंतराने. मग पंधरा दिवस जाऊ द्या, तोवर उपयोग नाही. मी म्हटलं बारशाला एकदमच करू. मला रांग लावायची होती. शनिवारी हिचं नाक गळत होतं, ती शाळेतूनच सर्दी घेऊन आली होती. सुई त्याच्यानंतरची. मंगळवारी ती खोकली तेव्हा मला कळलं होतं की हे सुईचं नाही. मी तिला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवलं असतं तर... मी डॉक्टरला फोनसुद्धा केला नाही. सगळं माझं आहे."

आईंनी हातातल्या कळ्या गोणपाटावर ठेवल्या.

"आनि वरीसभर मी आख्ख्या आलीला सांगत फिरले सुईच्या नावाने, तेव्हा तू कुठं होतीस?"

"तुमच्या शेजारीच होते."

"व्हय. शेजारीच होतीस."

त्या उठल्या, विहिरीवर जाऊन हात-तोंड धुऊन आल्या. मला वाटलं आता भांडण होईल. झालं असतं तर बरं झालं असतं. त्या परत बसल्या, कळ्या हातात घेतल्या आणि मनीषाला म्हणाल्या, "उद्या रविवार. सोमवारी चल, तुझ्या डॉक्टरकडे मी येते."

"मी नेते तिला," मी म्हटलं.

"तू तुझ्या पोरीला ने. तिच्या परत दोन व्हायच्या ना? मग मोज महिना आत्तापासून. आनि कोनाची वाट बघू नको." त्याच संध्याकाळी त्या स्वतःहून आळीत गेल्या. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

ज्यांच्या घरी तान्हं पोर आहे किंवा येणार आहे, त्यांनी माझ्यासारखं एकदम सगळ्यांचं करायच्या नादाला लागू नये. तुमच्या डॉक्टरांना पावसाळ्याआधी विचारा, आणि जो पहिला हाताशी येईल त्याचं पहिलं करा. घरातल्या पोराचं नाक गळत असेल तर बारसं असो की लग्न, तान्ह्याला त्याच्यापासून लांब ठेवा, कुणाला कितीही राग आला तरी. माझं सांगून झालं.

राहिली ऋता. आम्ही मोठी माणसं बोलत होतो तेवढा वेळ ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. बोलणं संपल्यावर तिने माझी ओढणी ओढली.

"म्हणजे मी नव्हतं केलं?"

"नाही राणी. तू नव्हतं केलं."

"मग मी घेऊ त्याला?"

मी हो म्हटलं. तिने दोन्ही हात फ्रॉकला पुसले, आधी पालथे, मग सुलटे, आणि सतरंजीवर त्याच्यासमोर जाऊन बसली. अथर्व अकरा महिन्यांचा, चांगला जड झाला होता. तिने त्याच्या काखेत हात घातले, सोडले, मग कमरेला धरलं, तेही सोडलं. मग माझ्याकडे वळून बघितलं. त्याला उचलायचं कसं, ते तिला माहीतच नव्हतं.